तटाबाहेर वाचलेला कागद

“वाचायला तिलाच सांगितलं ते बरं केलं. ती काही जास्तीचं बोलायची नाही.”

मामाचं हे वाक्य मी तटाच्या आडून ऐकलं. रेवदंड्याच्या कोटाची भिंत समुद्राच्या बाजूला एके ठिकाणी ढासळली आहे आणि गावातले लोक त्या खिंडारातूनच पुळणीवर उतरतात. मी पुढे उतरून एका पडलेल्या दगडावर बसले होते आणि चपलेतली वाळू झटकत होते. मामा-मामी भिंतीच्या आतल्या अंगाला, चटईची गुंडाळी कोणी घ्यायची यावरून थांबले होते.

“जास्तीचं कुठलं!” मामी म्हणाली. “कामापुरतंसुद्धा तोंड उघडत नाही. वन्संनी एवढी फी भरून पोर मुकी करून आणलीय.”

दोघं हसले. त्या हसण्यात तसा वाईटपणा नव्हता. आमच्या घरी माझ्याविषयी सगळे असंच बोलत आणि मीही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकले होते. मी चप्पल घातली आणि ते बाहेर यायच्या आत पाण्याच्या दिशेने बरीच पुढे गेले. पाय इतके दुखत होते की ओल्या वाळूवर पोचेपर्यंत दोनदा थांबावं लागलं.

त्या दिवशी आम्ही पहाटे चारला अंधेरीहून निघालो होतो, मी आणि आई. मामा-मामी घाटकोपरहून आले. तिघा मुलांना त्यांनी मामीच्या बहिणीकडे ठेवलं होतं. भाऊच्या धक्क्यावर भेटलो, लाँचने रेवसला उतरलो, तिथून एस.टी.ने अलिबाग आणि पुन्हा एस.टी.ने रेवदंडा. मे संपत आला होता आणि पाऊस लागला की लाँच बंद होणार, म्हणून मामाने घाई केली होती. समुद्र आधीच फुगू लागला होता. आईला लाँच लागली. ती लिंबू नाकाशी धरून डोळे मिटून बसली आणि तेवढ्यात मामाने माझ्या हातात एक लांब पाकीट दिलं.

“हे वाचून ठेव,” तो म्हणाला. “वकिलाने इंग्रजीत केलंय, या दोघींना काय कळणार! संध्याकाळी थोडक्यात सांग. वडिलांच्या मागे जे काही आहे त्यातला आमचा हिस्सा आम्ही राजीखुशीने भावाला सोडतो. एवढंच. उद्या अलिबागला रजिस्ट्रारपुढे सह्या केल्या की झालं.”

दोघी म्हणजे आई आणि मावशी. आजोबा आदल्या वर्षी गेले होते. त्यांच्या मागे कोटाच्या आतलं कौलारू घर आणि त्याला लागून नारळी-पोफळीची वाडी एवढंच होतं. पूर्वी असतं तर ते आपोआप मामाचंच झालं असतं, कुणाला काही विचारावं लागलं नसतं. पण बापाच्या मिळकतीत मुलींनाही मुलाइतकाच वाटा, असा नवा कायदा नुकताच झाला होता, आणि त्या दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीतल्या घराघरांतून बहिणींच्या सह्या घेणं चाललं होतं. बहीण सही करी, भाऊ तिला साडीचोळी करी, सगळे मिळून गोडाचं जेवत. जी बहीण सही करत नसे तिच्याविषयी नंतर हलक्या आवाजात बोललं जाई. आईचं मन पक्कं होतं. “मला वाटा घेऊन काय करायचंय?” ती निघण्यापूर्वी वडिलांना म्हणाली होती. “मला माहेर हवंय.” वडील म्हणाले, “तुम्ही भावंडं बघा,” आणि पेपर वाचायला लागले.

मी तो कागद लाँचवर वाचला. दोन पानं होती. पहिल्या पानावर मामा म्हणाला तेच होतं, फक्त लांबलचक भाषेत. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की घरात राहण्याचा जो काही हक्क बहिणींना असेल तोही त्या सोडत आहेत, आणि सही झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत घर रिकामं करून भावाच्या ताब्यात दिलं जाईल, म्हणजे त्याला ते हवं तसं विकता येईल.

आई अंधेरीला राहत होती. मामा घाटकोपरला. त्या घरात राहत होती ती एकटी मावशी.

मी तेवढाच भाग तीनदा वाचला. शेजारची बाई टोपलीत तोंड घालून ओकत होती. मामाने वळून विचारलं, “कळलं ना सगळं?” मी मान हलवली आणि पाकीट परत दिलं.

आईला मी एस.टी.त सांगू शकले असते. पण तिला पुढे बाईमाणसांच्या बाकावर जागा मिळाली आणि मला मागे, आणि ती खिडकीला डोकं टेकून झोपली. शिवाय मावशीला हे ठाऊक असेल, तिचं आणि मामाचं आधीच बोलणं झालं असेल, असं मी वाटभर स्वतःला सांगत होते. आपण मध्ये पडायचं कारण नाही. मला वाचायला सांगितलं आहे, न्याय करायला नाही.

वाचून दाखवणं हे माझं जुनंच काम. आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगीत इंग्रजी शाळेत गेलेली मी पहिली मुलगी. तार आली, ऑफिसचं पत्र आलं, इस्पितळाचा कागद आला की लोक आमच्या दारात येत आणि मी दारातच उभी राहून त्याचा अर्थ सांगत असे. कमी शब्दांत, खाली बघून. आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघवत नसे म्हणून काही ना काही वगळूनही. समोरच्या काकूंच्या मुलाला एका कंपनीने स्वच्छ नकार कळवला होता. मी सांगितलं, सध्या जागा नाही म्हणतात. काकू दोन महिने रोज पोस्टमनची वाट बघत गॅलरीत उभ्या राहिल्या. त्यांना बघून मी जिन्याने घाईघाईने उतरत असे.

मावशी दारातच उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. ती तिघा भावंडांत थोरली, आईहून तेरा वर्षांनी मोठी. पंधराव्या वर्षी नवरा गेला आणि आजोबांनी तिला परत आणलं. तेव्हापासून चाळीस-एक वर्षं ती कोटाच्या आतच होती. आजोबांचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. पांढरं लुगडं, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, आणि टाचांना वाडीच्या मातीच्या भेगा. तिने आमच्या पायांवर पाणी घातलं. आईला बघून म्हणाली, “वाळलीस गं. आणि ही? हिला मुंबईत जेवायला घालता की नाही?”

“ती इंग्रजी पुस्तकं खाते,” मामी म्हणाली.

जेवणात फणसाची भाजी, आमसुलाचं सार आणि ऊन ऊन भात होता. जेवल्यावर मामाने ट्रंकेतून दोन लुगडी काढून झोपाळ्यावर ठेवली. आईचं डाळिंबी, जरीच्या काठाचं, मावशीचं पांढरं. मावशीने आपल्या लुगड्याचा पोत दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, “कशाला रे खर्च? मी कुठे जाते येते?”

कागदाचं घरात बोलायचं नाही, हे मामाने आधीच ठरवलं होतं. पलीकडचं अर्धं घर चुलत्यांचं होतं आणि मध्ये फक्त कुडाची भिंत. इकडे कुणी शिंकलं तरी तिकडून विचारणा होई. “ऊन उतरलं की पुळणीवर जाऊ,” तो म्हणाला. “हवाही लागेल.” म्हणून आम्ही सगळे त्या खिंडारातून खाली उतरलो होतो.

आमच्या जवळचा समुद्र म्हणजे जुहूचा. तिथे लाटा अंगावर येतात, रविवारी भेळवाले, घोडेवाले, नाटकी कपड्यातली माणसं असतात आणि मी सहसा जात नाही. इथला किनारा वेगळा होता. दक्षिणेला खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात लांबवर शिरलेला आहे, आणि मागे कोटाचा तट. त्या दोघांच्या मध्ये पाणी असं पडून होतं की जणू त्याच्याही अंगात त्राण नव्हतं. बारीक लाट यायची, करड्या वाळूवर पसरायची आणि आवाज न करता जिरायची. बाहेर लाँचवर ज्या समुद्राने सकाळी आम्हाला हलवून सोडलं तोच हा, यावर विश्वास बसत नव्हता. एक होडी वाळूवर ओढून ठेवली होती आणि तिच्या काठावर कुणाचं तरी जाळं वाळत होतं. आणखी कुणी नव्हतं.

आई चटईवर बसल्या बसल्या आडवी झाली. तिचे पाय सुजले होते. मामी तिच्याशेजारी बसून कैऱ्या कापू लागली. मामा थोडा लांब, पाकीट मांडीवर ठेवून, समुद्राकडे बघत बसला. तोही दमलेला दिसत होता. घाटकोपरला दीड खोलीत त्याची तीन मुलं वाढत होती. थोरली मुलगी नववीत, तिला अभ्यासाला कोपरा नव्हता. ती जिन्यात बसून वाचताना मी स्वतः बघितली होती. त्याला मोठी जागा हवी होती आणि इथलं घर विकल्याशिवाय ती मिळणार नव्हती. हे सगळं मला दिसत होतं. तो वाईट माणूस असता तर मला त्या दिवशी इतका थकवा आला नसता.

मावशी पाण्यात पाय बुडवून माझ्या शेजारी उभी राहिली.

“नाव आहे का तुझ्या पुस्तकात या पाण्याचं?” तिने विचारलं.

“अरबी समुद्र.”

“आम्ही नुसतं पाणी म्हणतो.” तिने लुगडं आणखी थोडं वर खोचलं. मग म्हणाली, “या वर्षी पोफळीची चाळीस रोपं लावायचीयत. विहिरीच्या अंगाला सगळी आळी खणून ठेवलीयत. वडील गेले त्या सालात काही करता आलं नाही. सुपारी लागायला सहा-सात वर्षं जातात गं. तेवढ्यात तुझं लग्न होईल, पोरं होतील. त्यांना घेऊन ये. तोवर मी असेन की.”

तेव्हा मला कळलं की तिला काहीही ठाऊक नाही.

मी म्हणाले, “हो.” एवढंच. पाणी घोट्याला लागलं आणि मागे गेलं, टाचेखालची वाळू थोडी सरकली.

“अक्का, या इकडे!” मामीने हाक मारली. “कैरी मीठ लावून ठेवलीय.”

आम्ही चटईवर जाऊन बसलो. मामीने मावशीपुढे कैरीची फोड धरली. “मी म्हणते अक्का, तुम्ही या ना आमच्याकडे. इथे एकट्या काय करता? आमच्याकडे नळ आहे, वीज आहे. मुलांनाही आत्या हवीच.”

“येईन की चार दिवस. दिवाळीत बघू.”

“चार दिवस कशाला, कायमच्या या.”

मावशी हसली. “मी? तुमच्या नळावर बादली घेऊन भांडायला? नको गं बाई. इथे माझा रहाट आहे, माझी कुरकुर तो ऐकतो, त्याची मी ऐकते.”

मामी मामाकडे बघायला लागली. मामाने पाकीट उघडलं. आई उठून बसली आणि पदर सारखा केला, जणू कुणी पाहुणे आले असावेत.

“हे बघ अक्का,” मामा म्हणाला, “हा तो कागद. कायदा झालाय म्हणून करावा लागतो. आपल्यात काही तसं नाही, पण सरकारला सही लागते.”

“मग दे ना. मी कधी नाही म्हटलंय?”

“तसं नाही. ऐकून घ्यावं माणसानं. ही वाचेल.” त्याने पानं माझ्या हातात दिली. दुसरं पान पहिल्याच्या मागे, टाचणी लावलेलं. “थोडक्यात सांग हं, बाळ. आईचे पाय दुखतायत.”

मी पहिलं पान बघितलं. शाळेत मी व्यासपीठावर उभी राहून मोठमोठे उतारे म्हटले होते, कुठेही न अडखळता. इथे चार माणसांपुढे पहिलं वाक्य मी मनातल्या मनात दोनदा जुळवलं.

“वडिलांच्या मागे घर आणि वाडी राहिली आहे,” मी म्हणाले. “त्यात आम्हा बहिणींचा जो हिस्सा आहे तो आम्ही राजीखुशीने भावाला सोडत आहोत. पुढे त्याच्यावर आमचा काही हक्क सांगणार नाही.”

मी थांबले. होडीवरचं जाळं वाऱ्याने थोडं हललं.

“बरोबर,” आई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. “दादा, मला काही नको. माझं माहेर तेवढं असू दे.”

“अगं, माहेर कुठे जातंय?” मामा म्हणाला. पण तो तिच्याकडे न बघता बोलला. त्याने हात पुढे केला आणि माझ्या हातातून पानं घेऊन घडी घातली. “झालं तर मग. उद्या सातची एस.टी.”

मामीने उरलेल्या फोडी गोळा करायला सुरुवात केली. मी माझ्या हातांकडे बघत होते. मी खोटं बोलले नव्हते. जे सांगितलं होतं ते सगळं कागदावर होतं. तीन महिन्यांनी, पाऊस ओसरता ओसरता, कुणीतरी हे घर बघायला येईल, आणि मावशी दारात तांब्या घेऊन उभी राहील, पाहुणा समजून. मग घाटकोपरला स्वयंपाकघरात ओट्याखाली तिची वळकटी. कुणी तिला वाईट वागवणार नाही. मामी रोज एखादी थट्टा करील. मी सणाला भेटायला जाईन, आणि ती विचारील, तू तर वाचलं होतंस ना?

“अंगठा नाही हं देणार मी,” मावशी एकदम म्हणाली. “मला सही येते. वडिलांनी शिकवली होती.”

“येते ना, मग काय!” मामा उठता उठता म्हणाला.

“पण एक आहे.” ती चटईवरून खाली सरकली आणि ओल्या वाळूचा एक भाग तळव्याने सपाट केला. “आडनाव सासरचं लावायचं की इथलं? चाळीस वर्षांत मला कुणी विचारलंच नाही.”

“सासरचं,” मामा म्हणाला. “कागदात तसंच आहे.”

मावशीने उजव्या हाताचं बोट वाळूत टेकवलं. ती हळूहळू लिहू लागली, प्रत्येक अक्षर आधी मनात म्हणून, मग ओठांनी, मग बोटाने. आपलं नाव. मग ज्याचा चेहराही तिला धड आठवत नसेल त्या नवऱ्याचं नाव. मग आडनाव. तिथे ती अडली, एक काना पुसला, पुन्हा काढला. आई तिच्याकडे बघत होती, आणि आईचे डोळे भरून आले होते. हा सोहळा आहे असंच आईला वाटत होतं. दोन बहिणी, एक भाऊ, नवी लुगडी. मला आईचाही राग आला, आणि लगेच दयाही, आणि दोन्हींचा कंटाळा.

“चला, चला, अंधार पडेल,” मामी म्हणाली. तिने चटईचं एक टोक उचललं.

मावशीने बोटाची वाळू झटकली. अक्षरं मोठी होती, थोडी उतरती, पण स्वच्छ. लाट तिथवर येत नव्हती. पाणी बरंच खाली, आपल्या आपल्यात पडून होतं. तिने मान वर करून मामाकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

“तू शिकलेली,” ती म्हणाली. “बघ गं. बरोबर आहे का? तू म्हणशील तशीच उद्या करते.”

मामा पाकीट खिशात घालत होता. माझी नजर त्याच्या नजरेला भिडली आणि त्याने अगदी थोडी मान हलवली, नाही अशी. तटाच्या आतून कुणाच्या तरी रहाटाचा आवाज येत होता. मी वाळूतलं नाव शेवटपर्यंत वाचलं. मग मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला:

“नाव बरोबर आहे, मावशी. पण दुसरं पान मी वाचलं नाही. त्यात लिहिलंय की सही केलीस की तीन महिन्यांत तुला हे घर सोडावं लागेल.”